बांधाखालची पावलं

मानशीवाड्याचा बांध वैशाखी पौर्णिमेच्या भरतीला फुटला, आणि फुटला तोही नेमका तिथेच, जिथे काही वर्षांमागे सिमेंटचं ठिगळ लावलं होतं. शापोरा नदीचं खारं पाणी खाजनात घुसलं. पेडण्याकडची ही नदीकाठची भातशेती नदीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर असते. बांध आहे तोवर ते शेत, बांध गेला की खाडी. गावाने धावपळ करून कंत्राटदार गाठला, त्याने दोडामार्गहून खोदाईचं मशीन मागवलं, आणि मशीनबरोबर आला पांडुरंग.

ओहोटीला भगदाडाचा तळ साफ करताना मशीनच्या दातांत एक काळं लाकूड अडकलं. पांडुरंगाने ओढून पाहिलं. लाकूड हलेना. आणखी जोर लावला तर मशीनच पुढे झुकलं. तेव्हा त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरून मोबाईलवर फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो फिरत फिरत संध्याकाळपर्यंत पणजीला पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरवी गावस त्या भगदाडात गुडघाभर चिखलात उभी होती.

गौरवी मूळची डिचोलीतल्या लाटंबार्सेची. पणजीच्या एका संशोधन संस्थेत ती पुरातत्त्वाचं काम करत होती. देवळं, गुंफा, ताम्रपट सगळं तिने पाहिलं होतं. ताम्रपट वाचताना तिला दर वेळी एकच गोष्ट खटकायची. अमुक राजाने तमुक माणसाला खाजन जमीन दान दिली, हे त्यावर ठळक कोरलेलं असे. ती जमीन खाडीच्या तोंडातून काढली कोणी, याबद्दल मात्र अक्षर नाही.

आता तिच्यासमोर बांध सुरीने केक कापावा तसा उभा कापलेला होता. वर अलीकडची माती, चिऱ्याचे तुकडे. त्याखाली निळसर चिकणमाती, मग पेंढ्याचा काळपट पट्टा, मग पुन्हा चिकणमाती, मग विणलेल्या फांद्या. असे थरावर थर. तळाशी टोकदार, काळ्या लाकडी मेढींची रांग. एका मेढीच्या बुडाशी चिखलात रुतलेलं खापर तिने अंगठ्याने पुसलं. आतून काळं, बाहेरून तांबडं.

"काय तां बेगीन बघ गे बाय," बांधावरून छत्री घेतलेले कृष्णनाथ परब म्हणाले. ते गावच्या कूळसंघाचे, म्हणजे शेत कसणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष. "दुपारी पाणी चढता. आणि उद्या काँक्रीटची गाडी येतली."

"भाऊ, हा बांध किती जुना असेल असं वाटतं तुम्हाला?"

"पाखल्यांच्या काळातलो. माझो आजो सांगायचो."

"हे खापर पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीचं आहे. निदान हजार वर्षांचं, कदाचित त्याहून जुनं."

कृष्णनाथांनी छत्री मिटली. एकदा त्या उघड्या थरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असू दी. उद्या गाडी येतली."

*

संध्याकाळी सातेरीच्या देवळाच्या मंडपात गाव जमलं. गौरवीने नीट समजावून सांगितलं. तळ एकदा काँक्रीटखाली गेला की तो कोणालाच परत दिसणार नाही. थोडे दिवस द्या, अमावास्येच्या मोठ्या भरतीआधी मी काम आवरते.

"आणि तवसर पाणी?" मागून कोणीतरी विचारलं.

"पाणी रोज दोनदा आत येता," कृष्णनाथ म्हणाले. "जितकी भरती, तितका मीठ जमनीत. पावसाक आता उशीर नाय. तोपर्यंत बांध नसलो तर यंदा कोरगूट भात पेरूचाच नाय."

तेव्हा खांबाला टेकून बसलेली सुमंगला उभी राहिली. कृष्णनाथांची ही धाकटी भावजय. नवरा गेल्यापासून ती एकटीने शेत करत होती आणि लावणीच्या बायकांचं टोळकं तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. "बाय," ती म्हणाली, "आमची शेतां मेली तर तुझी खापरां शिजवन खावची काय?"

मंडप हसला. गौरवीचे कान तापले. आतापर्यंत ती भाषणासारखी मराठी बोलत होती, ती एकदम लाटंबार्सेच्या बोलीवर आली.

"वयनी, माझ्या बापाशीनूय शेतच केला. शेत मरताना मी बघितलंसा. म्हणान विचारतंय, ह्यो बांध फुटलो खय? सिमेंट घातलां थय. दोनूय बाजूक जुनी माती तशीच उभी आसा. ती इतकी वर्सां कशी रवली, तां तुमका बघूचा नाय?"

हसू थांबलं. मग कृष्णनाथांनी जुनी रीत सांगितली. पूर्वी असं भगदाड पडलं की बाहेरच्या अंगाने चंद्रकोरीसारखा कच्चा बांध घालून पाणी अडवत आणि मग आत निवांत काम करत. पण ते सगळं हाताचं काम. नदीच्या बाजूला मशीन उतरवलं तर रुतून बसेल. "आता कोण करता तां?" म्हणत त्यांनी खांदे उडवले. काँक्रीटची गाडी दोन दिवस पुढे ढकलण्यापलीकडे त्यांनी काही कबूल केलं नाही.

"दोन दिवस तर दोन दिवस," गौरवी म्हणाली.

बाहेर आल्यावर तिची सहकारी हर्षा तिच्यावर चिडली. हर्षा जुन्या वस्तू जपण्याचं, त्यांचे ठसे घेण्याचं काम करायची. तिला अशक्य गोष्टींचा राग येई. "दोन दिवसांत काय होणार आहे? ते कच्चा बांध घालायला येणार नाहीत."

"मग आपण घालू."

"आपण दोघी?"

"सुरुवात तर करू."

*

सकाळच्या सुकतीला, पाणी उतरल्यावर, दोघी फावडी आणि घमेली घेऊन नदीच्या अंगाला उतरल्या. पाय मांडीपर्यंत रुतत होते. एक घमेलं भरायचं, पाय उपसत न्यायचं, ओतायचं, परत यायचं. तास दोन तास राबून जो ढिगारा झाला त्यावर एक बगळा येऊन निवांत उभा राहिला. बांधावर पावाची टोपली घेऊन चाललेला पोदेर सायकल थांबवून बघत होता. हर्षाला हसूही आलं आणि रडूही.

दुपारच्या भरतीने ढिगारा निम्मा खाल्ला. संध्याकाळी गौरवी पुन्हा उतरली.

त्या वेळी पांडुरंग खाली आला. मशीन बंद, म्हणजे त्यालाही काम नव्हतं. "म्याडम, माती नुसती टाकू नका," तो म्हणाला. "खाली काहीतरी धरून ठेवणारं पायजे." त्याने मशीनने माडाच्या चुडत्यांचा भारा बांधावरून खाली सोडला आणि स्वतः लुंगी वर खोचून चिखलात उतरला. चुडती पसरायची, वर माती, पुन्हा चुडती. या वेळी ढिगारा भरतीला टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगला बांधावर आली. बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग भगदाडात उतरली, जुन्या बांधाच्या उभ्या कापावरून तिने तळहात फिरवला, पेंढ्याच्या पट्ट्यात नख खुपसलं, वास घेतला.

"पेंढो, माती, पेंढो, माती," ती स्वतःशीच म्हणाली. मग गौरवीकडे वळून, "तुझ्या खापरांसाठी नाय हां. सिमेंट परत फुटला तर माझा परत एक वर्स जातला. ह्यो कसो बांधलो, तां माका बघूचा आसा."

"मग बघा ना वयनी."

सुमंगलाने वाड्याच्या दिशेने हाक मारली. बायका आल्या. बायका आल्यावर पुरुषांना घरी बसणं कठीण झालं. अकरा वाजायच्या आत चिखलात माणसांची रांग उभी राहिली. समोरासमोर तोंडं, मध्ये हातभर जागा, आणि घमेलं या हातातून त्या हातात. ज्याच्या हातात ते अडखळे त्याच्यावर दोन्हीकडून शिव्या पडत. कृष्णनाथ छत्री घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरत होते. काँक्रीटची गाडी आली तेव्हा त्यांनीच हात करून ती परत पाठवली. कंत्राटदाराने फोनवर आवाज चढवला, तसा कृष्णनाथांनी त्याच्याहून चढवला.

तिसऱ्या दिवशी कच्च्या बांधाची चंद्रकोर पुरी झाली. थोडी झिरपत होती, पण खाजनात पाणी यायचं थांबलं.

*

आता गौरवीला तळ मिळाला. उन्हासाठी वर ताडपत्री बांधून ती आणि हर्षा पोटावर पडून थर उघडू लागल्या. फावडं दूर ठेवलं होतं. हातात बांबूची सुरी, ब्रश आणि शेवटी जेवणाचा चमचा. सुमंगला चहा घेऊन आली ती बघतच राहिली. "कुलेरीन बांध खणतंस? असा खणलंस तर माझी नातवंडां बघतली."

विणलेल्या फांद्यांचा थर निघाला. त्याखाली करड्या राखेचा पातळ पापुद्रा होता. चिकणमातीचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून की घट्ट बसावेत म्हणून, कोण जाणे, पण बांधणाऱ्यांनी मध्ये राख पसरली होती. गौरवीने ब्रशने राख बाजूला केली. खाली गुळगुळीत निळी माती होती, आणि मातीत एक खळगा. खळग्यात राख भरलेली. ती तिने चमच्याने हलकेच काढली. खळग्याच्या एका टोकाला आणखी लहान खळगे होते. एक मोठा, मग उतरत्या क्रमाने बाकीचे.

ती थांबली. तिने चमचा खाली ठेवला.

"हर्षा," ती म्हणाली, "इकडे ये. चपला काढ आधी."

ते पाऊल होतं. बोटं फाकलेली, टाच खोल रुतलेली, जणू आत्ताच कोणी चिखलातून निघून गेलं होतं. राख सारत सारत त्या पुढे गेल्या. दुसरं पाऊल निघालं, मग तिसरं. दुपार उलटली तेव्हा ताडपत्रीखाली पावलांची गर्दी झाली होती. मोठी, रुंद, टाचा भेगाळलेली. अरुंद, लहानखुरी, बहुधा बायकांची. मध्येच कुत्र्याच्या पंजाची नक्षी.

गौरवीने मोजमापं घेऊन पावलं कागदावर काढली, फोटो घेतले, पण ती पावलं अशी का पडली आहेत ते तिला उमजेना. चालत गेलेल्या माणसांची पावलं एका दिशेने जातात. ही तशी नव्हती. दोन ओळी होत्या आणि त्यांची बोटं एकमेकींकडे होती.

सुमंगला वरून वाकून बघत होती. तिचे हात अजून चिखलाने भरलेले होते. ती एकदम म्हणाली, "गे बाय, हे तर घमेली देतहत."

गौरवीने वर पाहिलं.

"परवा आमी उभी होतंव तशीच. समोरासमोर. बघ ना, ह्यो पाय एका जाग्यार कितकोदा दाबलोसा. उचलल्यान, परत थयच ठेवल्यान. चलणारो माणूस असा करता?"

गौरवी पुन्हा त्या ओळींकडे वळली आणि सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. हातभर अंतर. अंगावरचा भार या पायावरून त्या पायावर. परवा ती स्वतः त्या रांगेत होती, तिच्या पोटऱ्या अजून ठणकत होत्या, आणि तरी तिला हे सुचलं नव्हतं, कारण कागदावर काढलेल्या पावलांना पोटऱ्या नसतात. पुरुष आणि बायका एकाच रांगेत होते. कोणाची जागा वेगळी नव्हती, कोणाच्या पायात वहाण नव्हती. ताम्रपटावर ज्यांच्यासाठी एक अक्षर नव्हतं ती माणसं इथे पायांनी सही करून गेली होती.

मग हर्षाने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही ओळींच्या बाजूने एक डावं पाऊल पुन्हा पुन्हा उमटलं होतं. त्याला करंगळी नव्हती. चार बोटांचं ते पाऊल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं होतं, परत आलं होतं, पुन्हा गेलं होतं.

"मुकादम असेल," हर्षा म्हणाली.

"पाणी देणारी असतली," सुमंगलाने लगेच सांगितलं. "तान लागली की हाक तिकाच मारतत."

कृष्णनाथ गुडघे धरून खाली उतरले होते. त्यांनी चष्मा पुसून ते पाऊल पाहिलं. "माझ्यासारखो कोणतरी," ते म्हणाले. "घमेला उचलूचा नाय, नुसता बोंबलत फिरूचा."

सगळे मोकळेपणी हसले. गौरवी हसत हसत म्हणाली, "तो पुरुष की बाई, मुकादम की पाणक्या, ते सांगता येणार नाही. एवढंच सांगता येईल की इथे कोणीतरी होतं."

*

हर्षाने प्लॅस्टरचे ठसे घ्यायला सुरुवात केली. ओल्या मातीत ते घट्ट व्हायला फार वेळ घेत. एक ठसा उचलला की पुढचा. अमावास्या जवळ येत होती, पाण्याची उंची रोज वाढत होती, आणि नैऋत्येचा वारा सुटला होता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळपासून नदी फुगलेली दिसत होती. भरती यायला अजून अवकाश होता तरी पाणी चंद्रकोरीच्या काठाशी आलं होतं. माणसं वर माती चढवत होती. अचानक खालच्या बाजूला मुठीएवढं भोक पडलं आणि त्यातून पाण्याची धार खड्ड्यात आली. पांडुरंगाने गोणपाट कोंबलं. धार थांबली, आणि हातभर अंतरावर दुसरी सुटली.

"बाहेर या!" कृष्णनाथ ओरडले.

चार बोटांच्या पावलात प्लॅस्टर नुकतंच ओतलं होतं. गौरवी हलली नाही. तिने त्या पावलाभोवती चिकणमातीचा कठडा केला आणि दोन्ही हातांनी तो धरून बसली. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटरीपर्यंत आलं. दूरच्या कोपऱ्यातली पावलं तिच्या डोळ्यांदेखत विरघळून गढूळ पाण्यात गेली. तिने तिकडे बघायचं टाळलं. "झालं का गं?" ती विचारत राहिली, आणि हर्षा बोटाने प्लॅस्टर दाबून "अजून नाही" म्हणत राहिली. मग हर्षा म्हणाली, "उचल."

दोघींनी ठसा उचलून वर पांडुरंगाच्या हातात दिला.

कृष्णनाथ काठावर आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "बाय, कोर टिकूची नाय. ती फुटली तर पाणी सगळ्या खाजनात जातला. आताच भगदाड भरला तर बांध वाचता. माती तयार आसा, मशीन तयार आसा. पण खाली अजून पावलां आसत. तू सांग."

गौरवीने खाली पाहिलं. निम्म्याहून जास्त पावलं अजून शिल्लक होती. एक बाजू तर तिने उघडलीही नव्हती. आयुष्यात पुन्हा असं काही तिच्या हाताखाली येईल याची शाश्वती नव्हती. पण ही माणसं या चिखलात कशासाठी उभी होती, ते तिला आता पक्कं ठाऊक होतं. पाणी शेतात येऊ नये म्हणून.

"आधी रेती," ती म्हणाली. "पावलांवर स्वच्छ रेती टाकायची, मग गोणपाट, मग चिकणमाती. उद्या कोणी खणलं तर त्याला कळलं पाहिजे की आम्ही इथवर आलो होतो. आणि वरचे थर त्यांनी घातले तसे घालायचे. माती, राख, पेंढा, फांद्या. काँक्रीट नको. करता?"

"करतंव," सुमंगला म्हणाली. कृष्णनाथांना विचारायच्या भानगडीत ती पडली नाही.

गौरवीने रेतीचं पहिलं घमेलं स्वतः ओतलं. मग ती वर आली आणि तिने पांडुरंगाला हात केला. मशीन सुरू झालं. भरती चढत गेली तसा बांधही चढत गेला. मशीन माती टाकी, माणसं पायांनी तुडवत, बायका पेंढा पसरत, पुन्हा माती. चंद्रकोर फुटली तेव्हा पाणी येऊन ज्याला धडकलं तो अर्धवट का होईना, पण बांध होता. तो थरथरला आणि राहिला.

*

पेंढ्याच्या आणि राखेच्या तपासणीचा निकाल दिवाळीच्या सुमारास आला. गौरवी तो घेऊन मानशीवाड्याला गेली तेव्हा कोरगूट कापून झाला होता आणि सुमंगलाच्या खळ्यात भात वाळत होतं. दाण्याला यंदा थोडं मीठ लागलंय, उतारा कमी आहे, असं ती कुरकुरत होती. पण भात होतं.

"सातवं शतक," गौरवीने सांगितलं. "तेराशे वर्षं झाली."

कृष्णनाथांनी मान डोलावली, जणू हा आकडा त्यांनीच सांगितला होता. "म्हणजे पाखल्यांच्याय आधी."

मग खरं भांडण सुरू झालं. ठसे पणजीच्या संग्रहालयात ठेवावेत असं संस्थेचं म्हणणं होतं. गाव म्हणत होतं, पावलं आमच्या माणसांची, ती मंडपात राहणार. ती तुमचीच माणसं कशावरून, असं गौरवीने विचारलं, तर सुमंगलाने तिला चांगलंच झापलं. शेवटी निम्मे इथे, निम्मे तिथे असं ठरलं, पण चार बोटांचा ठसा कोणाकडे, यावर कोणी मागे हटेना. तो वाद अजून मिटलेला नाही. तोवर तो ठसा हर्षाच्या कपाटात कापसात गुंडाळून आहे.

माघाच्या अखेरीला गौरवी ऑफिसात बसली होती. कृष्णनाथांचा फोन आला. नदीच्या वरच्या अंगाला, मानशीच्या, म्हणजे खाजनातलं पाणी सोडायच्या झडपेच्या दाराजवळ, खेकड्यांनी बांध पोखरला होता. तिथली माती खचायला लागली होती.

"उघडूचा लागतला," ते म्हणाले. "मशीनवाल्याक अजून सांगूक नाय. म्हटला, आधी तुका विचारूया."

"उद्या सकाळची सुकती कधी?"

"साताक."

"सहाला पोचते," गौरवी म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधीच दुसऱ्या हाताने तिने टेबलाखालची गमबुटं ओढून बाहेर काढली.